स्वतःची व्याख्यानं पॉडकास्ट म्हणून द्यावीत की विद्यार्थ्यांनाच ध्वनिमुद्रण करायला लावावं? बोलींच्या घटकासाठी सल्ला हवा

तळकोकण_मराठी (सिंधुदुर्ग)

सगळ्यांना नमस्कार.

सिंधुदुर्गातल्या एका अनुदानित महाविद्यालयात गेली चौदा वर्षं मी मराठी शिकवते. तिसऱ्या वर्षाचं भाषाविज्ञान माझ्याकडे आहे, त्यात बोलींचा घटक येतो. विचारायचं आहे पॉडकास्टबद्दल, पण दोन वर्षांत काय काय झालं ते आधी सांगते. नुसता प्रश्न टाकला तर ‘अमुक ॲप वापरा’ एवढंच उत्तर येईल, आणि माझी अडचण ॲपची नाही.

पहिल्या वर्षी मी स्वतःची व्याख्यानं रेकॉर्ड केली. आमची मुलं लांबून एसटीने येतात. जुलैत व्हाळाला पाणी आलं की गाडी अलीकडेच थांबते आणि त्या दिवशीचा वर्ग निम्मा रिकामा असतो. बुडालेली तासिका निदान कानांनी तरी मिळावी, एवढीच इच्छा होती. घरातले झोपल्यावर पंखा बंद करून, खिडकीवर गोधडी टाकून, मोबाइलवर चाळीस-चाळीस मिनिटांचे अकरा भाग केले. वर्गात बत्तीस मुलं. पहिला भाग एकोणतीस जणांनी उघडला, पाचवा सहा जणांनी, आणि त्यातलेही बहुतेक चौथ्या-पाचव्या मिनिटाला थांबलेले. हे आकडे पडद्यावर दिसतात आणि ते बघताना वाईट वाटतं.

मुलांना विचारलं तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एकेक फाइल चाळीस एमबीच्या घरात जात होती आणि खालच्या वाड्यांत रेंज नसल्यामुळे ती उतरवायला मुलांना सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, चढून जावं लागत होतं. दुसरी गोष्ट एका मुलीने सांगितली: “मॅडम, वर्गात तुम्ही आमच्याकडे बघून बोलता, मध्येच थांबता, आम्हाला विचारता. यात तुम्ही वाचून दाखवताय असं वाटतं.” खरं होतं. समोर कोणी नसताना मी वहीतलं वाचतच होते.

दुसऱ्या वर्षी उलटं केलं. मी काहीच रेकॉर्ड केलं नाही. प्रत्येकाने घरातल्या किंवा वाडीतल्या एका वयस्क माणसाशी दहा मिनिटं एकाच कामाबद्दल बोलायचं: तरवो (भाताची रोपं) काढणं, इरलां (पावसात डोक्यावर घ्यायचं) विणणं, जाळं दुरुस्त करणं, गडगो (दगडी कुंपण) रचणं, काहीही. त्यातली दोन मिनिटं जशीच्या तशी कागदावर उतरवायची. मग त्या दोन मिनिटांत बोलीचं जे एक वैशिष्ट्य सापडलं असेल, त्यावर स्वतःच्या आवाजात तीन मिनिटं बोलायचं. बस.

मंडळी, चौदा वर्षांत मी मुलांना इतकं कान देऊन ऐकताना पाहिलं नव्हतं. दोन मिनिटं उतरवायला कोणाला दीड तास लागला, कोणाला तीन. एका मुलीने येऊन सांगितलं, “मॅडम, आजी एकदाही ‘येईन’ म्हणत नाही. ‘येतलंय’ म्हणते. ‘जाईन’ नाही, ‘जातलंय’.” ती जन्मापासून हे ऐकत आली होती, स्वतः बोलत होती, पण त्याला भविष्यकाळाचं वेगळं रूप म्हणतात हे तिला त्या रात्री कानांतल्या इयरफोनने शिकवलं. मी फळ्यावर ‘-ला’ आणि ‘-क’ हे प्रत्यय दरवर्षी लिहिते, ‘रामाला सांग’ आणि ‘रामाक सांग’. मुलं वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. या वर्षी कोणी विसरणार नाही.

अजून एक सांगते. वर्गात कधीही तोंड न उघडणारा एक मुलगा आहे. त्याचे काका दशावतारात, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, राजाचं काम करतात. दशावताराला लिखित संहिता नसते, संवाद उभ्या उभ्या रचायचे असतात. राजा आणि देव बोलणार भारदस्त, पुस्तकी मराठी, संकासुर मालवणी. या मुलाच्या लक्षात आलं की काका घरात खळ्यात बसून मालवणीत गप्पा मारत होते, पण मोबाइल पुढे धरून ‘तुमच्या कलेबद्दल सांगा’ म्हटल्याबरोबर त्यांची भाषा राजाची झाली. चौदाव्या सेकंदाला. ‘व्हय’ची जागा ‘होय’ने घेतली, ‘माका’ गेलं आणि ‘मला’ आलं. त्याने तो सेकंद लिहून आणला होता. तीन मिनिटं तो या एका गोष्टीवर बोलला आणि कुठेही अडखळला नाही.

आता अडचण. एका मुलीची आजी भातलावणीबद्दल सांगता सांगता कुणग्याच्या मेरेवरून, म्हणजे भातखाचराच्या बांधावरून, भाऊबंदांशी झालेल्या भांडणावर आली. नावानिशी बोलली. त्या मुलीला त्यात फक्त बोली ऐकू येत होती, मलाही. आम्ही ते वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं. तिसऱ्या दिवशी ते त्यांच्या वाडीत पोहोचलं. मुलीच्या वडिलांचा मला फोन आला, ते रागावले नव्हते, घाबरले होते. त्याच संध्याकाळी गटावरून फाइल काढली, पण ज्यांच्या मोबाइलमध्ये उतरली तिथून कशी निघणार? दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. आजीने चहा दिला आणि एवढंच म्हणाली, “माका इचारल्यात खंय?”

ते वाक्य डोक्यातून जात नाही.

माझे प्रश्न असे आहेत. हे पुढेही चालू ठेवायचं आहे, आणि चांगल्या सात-आठ मुद्रणांचं सगळ्यांना ऐकता येईल असं पॉडकास्ट करावं अशी मुलांची इच्छा आहे. संमती नेमकी कशी घ्यायची? अंतर्गत गुण कशाला द्यायचे, कारण कोणाकडे नवा फोन आहे आणि कोणी भावाचा फोन रात्री नऊनंतर मागून घेते? आणि ही मुद्रणं चार वर्षांनी कुठे असतील? माझ्या लॅपटॉपमध्ये असतील तर माझ्याबरोबर जातील.

बारव_आणि_वीरगळ (सोलापूर जिल्हा)

मॅडम, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी इतिहास शिकवतो. आमच्याकडे आवाज नाही, ब्लॉग आहे. दहा वर्षांपासून दुसऱ्या वर्षाचा प्रत्येक विद्यार्थी आपल्या गावातल्या एका वास्तूवर किंवा वस्तूवर ब्लॉगवर एक नोंद लिहितो. बारव (पायऱ्यांची विहीर), वीरगळ (लढाईत मेलेल्या वीराचा स्मारकदगड), वेशीचा दगड, जुनी पाण्याची टाकी.

गुणांपुरतं सांगतो, कारण तिथे मी बरेच हात पोळून घेतले आहेत. पहिल्या वर्षी ‘चांगली नोंद’ला गुण दिले आणि अर्ध्या नोंदी इतर संकेतस्थळांवरून उचललेल्या आल्या. मुलांना वाईट म्हणून चालणार नाही, आपणच त्यांना बारावीपर्यंत गाइडमधलं उत्तर जसंच्या तसं लिहायला शिकवलेलं असतं. २०११ साली पुण्यातल्या काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहून घेण्याचा प्रयोग झाला होता. कॉपीराइट असलेला मजकूर इतक्या प्रमाणात चिकटवला गेला की तो त्याच वर्षी थांबवावा लागला. निस्तरायचं काम जगभरच्या स्वयंसेवकांवर पडलं. त्या पहिल्या वर्षानंतर मी एक पाळतो: आधी वर्गात, मग बाहेर. जाहीर होण्याआधी प्रत्येक नोंद लिहिणाऱ्याने वर्गात उभं राहून वाचायची. उचललेलं वाक्य मोठ्याने वाचताना मुलगा स्वतःच अडतो, मला काही बोलावं लागत नाही.

गुण मी वीसपैकी असे देतो. आठ गुण निरीक्षणाला, म्हणजे प्रत्यक्ष जाऊन जे मोजलं, पाहिलं, विचारलं त्याला. सहा पहिल्या आणि दुसऱ्या खर्ड्यातल्या फरकाला. चार गुण दुसऱ्याच्या नोंदीवर केलेल्या टिपणीला, ‘छान आहे’ला शून्य. दोन वेळेत देण्याला. दिसण्याला, फोटोला, सजावटीला काहीही नाही. तुमच्याकडे आवाजाच्या दर्जाला शून्य ठेवा आणि ते पहिल्या दिवशीच सांगून टाका. फोनचा प्रश्न पुष्कळसा तिथेच सुटतो. उरलेल्यासाठी विभागाचा एक जुना फोन नोंदवहीत सही करून दोन दिवसांसाठी देत जा. आम्ही कॅमेऱ्यासाठी तेच करतो.

ब्लॉगचा खरा फायदा मला टिपण्यांत दिसला. एका मुलीने आपल्या गावातल्या वीरगळाला ‘सतीचा दगड’ म्हटलं होतं. बाहेरच्या कोणी वाचकाने लिहिलं की कोपरातून वाकवलेला, बांगड्या घातलेला हात दिसतो का ते पाहा, तो असेल तर सतीशिळा. ती दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन दगड धुऊन आली. हात नव्हता. तिने नोंद दुरुस्त केली आणि खाली का दुरुस्त केली तेही लिहिलं. मी तिला हेच सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती.

रसायन_नाशिक

थोडं वेगळं मत मांडतो. वेळ कोणाकडे आहे? आमच्या विभागात पाचपैकी तीन जण तासिका तत्त्वावर आहेत. त्यांना शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात, रात्री गोधडी लावून केलेल्या मुद्रणाचे नाहीत. एखाद्याने मनापासून केलं की पुढच्या वर्षी ते सगळ्यांवर बंधनकारक होतं आणि शेवटी मूल्यांकनाच्या फाइलमध्ये ‘आयसीटीचा वापर’ या रकान्यात जाऊन बसतं.

माझा स्वतःचा नियम एकच आहे: जे आधीच कोणीतरी चांगलं केलं आहे ते मी पुन्हा करत नाही. आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचं एनपीटीईएल, म्हणजे ऑनलाइन व्याख्यानांचा उपक्रम, २००३ पासून आहे, केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं ‘स्वयम्’ २०१७ पासून. उष्मागतिकीवर तिथे उत्तम व्याख्यानं आहेत. मी मुलांना नेमका भाग आणि मिनिट देतो, ते घरी ऐकून येतात आणि वर्गात आम्ही गणितं सोडवतो. मी बनवतो ते फक्त जे जगात दुसरीकडे मिळणार नाही: आमच्या प्रयोगशाळेतला ब्यूरेट कसा गळतो आणि तरी अचूक वाचन कसं घ्यायचं, अशा तीन-तीन मिनिटांच्या चित्रफिती. त्या मात्र प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री सगळे बघतात.

तुमचे अकरा भाग कोणी ऐकले नाहीत याचं मला आश्चर्य वाटत नाही, मॅडम. भाषाविज्ञानाची ओळख पुस्तकात आहे. त्या आजी दुसरीकडे कुठेही नाहीत.

ध्वनी_बोली (पुणे)

मी बोलींच्या नोंदणीवर संशोधन करते. ताई, तुमच्या मुलांनी जे केलं त्याला आमच्याकडे क्षेत्रीय ध्वनिमुद्रण म्हणतात, म्हणून त्याचे नियमही लागू होतात. संमतीपासून सुरुवात करते.

कागदावर सही घेणं पुरेसं नाही. तळकोकणात काय किंवा मेळघाटात काय, म्हाताऱ्या माणसापुढे सहीचा कागद ठेवला की त्याला तलाठी आठवतो. संमती बोलून घ्या आणि ती मुद्रणातच असू द्या, त्यांच्या बोलीत. तीन वेगळे प्रश्न विचारा: मी हे रेकॉर्ड करू का? वर्गातल्या मुलांना ऐकवू का? गावाबाहेरच्या, अनोळखी माणसांना ऐकवू का? पहिल्याला हो म्हणणारा माणूस तिसऱ्याला नाही म्हणू शकतो, आणि तसं पुष्कळदा होतं. मग बोलणं झाल्यावर ते त्यांना परत ऐकवा आणि पुन्हा विचारा. बोलायच्या आधी दिलेल्या होकाराला फार अर्थ नसतो, कारण आपण काय बोलणार आहोत हे त्यांनाही माहीत नसतं. आणि ‘नंतर कधीही काढून टाकायला सांगा’ असं म्हणायचं असेल तर ते खरंच काढता येईल अशाच ठिकाणी ठेवा. व्हॉट्सॲप तसं ठिकाण नाही.

दुसरं: मूळ फाइल कधीही कापू नका, सुरुवात आणि शेवटही नाही. काटछाट प्रतीवर करा. सुरुवातीच्या ‘चालू झालां काय?’मध्ये बरंच काही असतं.

मुद्रणाचं थोडक्यात. फोन बोलणाऱ्याच्या हातभर अंतरावर, जमिनीवर नाही, कापडाच्या घडीवर. पंखा बंद. सुरुवातीला पाच सेकंद कोणीही बोलू नये, म्हणजे ऑडॅसिटी या आवाज संपादित करायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या शांततेचा नमुना घेऊन मागचा गोंगाट कमी करता येतो. तुमच्याकडे पावसाळ्यात कौलांवरचा पाऊस मात्र काही केल्या निघत नाही, मुद्रणं ऑक्टोबरनंतर ठेवा. फाइल मागवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, नुसता आवाज पाठवला तर तो दाबला जातो. मूळ फाइल मोठीच ठेवा, पण ऐकायची प्रत ३२ केबीपीएस मोनो, म्हणजे कमी दर्जाची आणि लहान, करा. दहा मिनिटांना अडीच एमबी लागतात. सड्यावर जायची वेळ येणार नाही.

शब्दांकनासाठी ‘एलान’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर बघा. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या माक्स प्लांक संस्थेने केलेलं आहे. आवाजाच्या पट्टीखाली ओळी असतात: एकीत मालवणी, दुसरीत प्रमाण मराठी, तिसरीत टीप. तुमच्या विद्यार्थ्याला सापडलेला तो चौदावा सेकंद त्यात कायमचा खुणावून ठेवता येतो. एखाद्याला स्वर मोजायची हौस असेल तर ॲमस्टरडॅम विद्यापीठातलं ‘प्रात’ आहे, तेही फुकट. संगणक कक्षात ही दोन्ही बसवायला परवानगी सोडून काही लागत नाही.

वर्गात पहिल्या दिवशी ऐकवायला एक गोष्ट सुचवते. ग्रियर्सन यांच्या ब्रिटिशकालीन भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या वेळची, १९१३ ते १९२९ या काळातली ग्रामोफोन मुद्रणं शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात ऐकता येतात. बायबलमधली उधळ्या मुलाची एकच गोष्ट कितीतरी भाषा-बोलींत सांगितलेली आहे. खरखर खूप आहे, पण शंभर वर्षांपूर्वीचा माणूस बोलतो आहे हे ऐकून वर्ग शांत होतो. त्याच ठिकाणी मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोशही शोधता येतो, आजींचे शब्द त्यात आहेत का ते मुलांनी बघावं. आणि डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने मिळून केलेलं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण आंतरजालावर आहेच, त्यात तुमचा जिल्हा उघडून बघा.

एक आठवण म्हणून सांगते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २००४ मध्ये पहिल्या वर्षाच्या सोळाशेहून अधिक विद्यार्थ्यांना आयपॉड वाटले होते, आवाज मुद्रित करायच्या जोडणीसकट. पुढे त्यांनी सरसकट वाटप थांबवून ज्या अभ्यासक्रमांना गरज आहे तिथेच ते दिले. भाषांच्या वर्गांत त्यांचा चांगला उपयोग झाला होता. तुम्ही नेमक्या त्याच जागी आहात.

श्रोती_नागपूर

मी दृष्टिहीन आहे, एम.ए. मराठी झालं आहे. रसायनवाल्या सरांशी एका बाबतीत सहमत नाही.

भाषाविज्ञानाची ओळख पुस्तकात आहे, पण ते पुस्तक माझ्यासाठी तीन वर्षं मैत्रिणींनी वाचून रेकॉर्ड केलं तेव्हा कुठे मला मिळालं. पीडीएफ म्हणून जे येतं ते बहुतेकदा पानांचे फोटो असतात, स्क्रीनरीडर त्यात एक शब्दही वाचू शकत नाही. एखाद्या प्राध्यापिकेने स्वतःहून अकरा भाग बोलून ठेवले असते तर मी ते पावणेदोन पट वेगाने चार वेळा ऐकले असते. सहा जणांनी ऐकलं म्हणून ते वाया गेलं असं कृपा करून समजू नका, मॅडम. पुसू नका. दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा आणि नावं नीट द्या. ‘भाग ५ नवीन फायनल’ नको, ‘स्वनिम म्हणजे काय’ असं द्या. नावावरून कळलं नाही तर आम्हाला प्रत्येक फाइल उघडून ऐकावी लागते.

आणि ऐकू न येणारा विद्यार्थी वर्गात आला तर तुमच्या मुलांनी उतरवलेली ती दोन मिनिटं त्याच्यासाठी सगळं काही असतील. म्हणून जाहीर करायच्या मुद्रणांचं तरी पूर्ण शब्दांकन करून ठेवा.

माझी आजी ‘मले’, ‘तुले’ म्हणायची. तिचं एकही मुद्रण नाही. तुमच्या मुलांचा हेवा वाटतो.

तळकोकण_मराठी

उत्तर द्यायला बारा दिवस लागले. मध्ये काय झालं ते सांगते.

पुण्याच्या ताईंनी ‘मूळ फाइल कापू नका’ लिहिलं होतं ते वाचून मी त्या मुलीकडे मूळ फाइल मागितली. गटावर टाकताना मीच सुरुवातीचे बारा सेकंद कापले होते, नुसती खुडबुड आहे म्हणून. नीट ऐकलं. भांड्यांचा आवाज आहे, कोंबडी आहे आणि आजी विचारते आहे, “ह्यां कोणाक ऐकवतलंस?” नात म्हणते, “कोणाक नाय गो, मॅडमांका.”

म्हणजे आजीने विचारलं होतं. तिला उत्तर मिळालं होतं. ते उत्तर मी कापून टाकलं आणि मग वर्गाला ऐकवलं.

मी हे वर्गात सांगितलं, बारा सेकंदांसकट, त्या मुलीला आधी विचारून. कोणी काही बोललं नाही. मग दशावतारवाल्या मुलाने विचारलं की काकांनाही परत ऐकवून यावं लागेल का. म्हटलं, सगळ्यांना. बत्तीसपैकी पंचवीस जण आतापर्यंत ऐकवून आले आहेत. बाहेर ऐकवायला अकरा जणांचा होकार, नऊ जणांचा फक्त वर्गापुरता, पाच जणांचा नकार. एका मुलाचे आजोबा मधल्या काळात वारले. त्यांचं मुद्रण घरच्यांच्या हवाली केलं आहे आणि आमच्याकडची प्रत बंद करून ठेवली आहे, वर्षभराने घरचे म्हणतील तसं.

त्या आजीकडे मी आणि ती मुलगी दोघी गेलो. तिला सगळं ऐकवलं. भांडणाचा भाग आला तेव्हा तिने हाताने थांबवायची खूण केली. तो भाग प्रतीतून काढला, तिच्यासमोरच. मग ती आपणहून वीस मिनिटं बोलली, तरवो काढताना मूठ कशी बांधायची, कुठल्या कुणग्यात कुठला भात, सासूने कसं शिकवलं. शेवटी नातीने उतरवलेला कागद वाचून दाखवला. मध्येच तिने अडवलं, “तरवो लिही. तरवा तुमच्या पुस्तकात.”

गुणांसाठी सोलापूरच्या सरांची पद्धत थोडी बदलून घेतली आहे: आठ शब्दांकनाला, आठ विश्लेषणाला, चार गुण बोलणाऱ्याला परत ऐकवून आणल्याबद्दल, त्या भेटीची पाच ओळींची नोंद द्यायची. आवाजाच्या दर्जाला शून्य. परीक्षा समितीने हा तक्ता मान्य केला. मुद्रणांच्या दोन प्रती, एक ग्रंथालयात, एक विभागात, नोंदवहीसकट, म्हणजे माझी बदली झाली किंवा मी निवृत्त झाले तरी कपाट तिथेच राहील. श्रोती, तुमच्यासाठी अकरा भागांचे तुकडे करायला घेतले आहेत, दोन झाले. यावेळी वहीशिवाय बोलते आहे. समोरच्या खुर्चीवर एका मुलीला बसवते आणि ती मध्ये शंका विचारते.

नाशिकच्या सरांचं वेळेबद्दलचं म्हणणं मला पूर्ण पटतं. यंदा मी एक निबंध-गृहपाठ काढून टाकला आणि त्या जागी हे ठेवलं. दोन्ही करणं मला शक्य नव्हतं आणि आमच्या तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांना मी हे करायला सांगणार नाही.

ताई, एक शेवटचं विचारते. मुलं ‘येतलंय’ आणि ‘येतलय’ दोन्ही लिहितात. सावंतवाडीकडची मुलं एक, मालवणकडची दुसरं. कोणतं बरोबर धरू?

ध्वनी_बोली (पुणे)

ज्याने जसं ऐकलं तसं. त्या मुद्रणात नाकातून आलं असेल तर अनुस्वार द्या, नसेल तर देऊ नका. एकच रूप ‘बरोबर’ धरलंत तर सावंतवाडी आणि मालवणमधला फरक तुमच्याच कागदावरून पुसला जाईल, आणि तोच तर तुम्हाला शोधायचा आहे. फक्त वर्गाने मिळून एक पानभर लेखनाचे संकेत ठरवा: लांब स्वर कसा दाखवायचा, अर्धवट उच्चारलेला शेवटचा स्वर कसा, बोलणारा थांबला तर काय खूण. ते पान प्रत्येक मुद्रणाबरोबर ठेवा, गावाचं नाव, बोलणाऱ्याचं अंदाजे वय आणि महिना लिहून. बोलणाऱ्याचं नाव मात्र त्याने सांगितलं तरच.

आणि ते वीस मिनिटांचं मुद्रण, आजींचा तिन्ही प्रश्नांना होकार असेल तर मला ऐकायला आवडेल.